बिडाचा फ्राय पॅन: दोन वर्षं रोज वापरल्यावर

हा रिव्ह्यू मी दोन वर्षं थांबून लिहितेय आणि मुद्दामच, कारण बिडाचं भांडं घेतल्यावर पहिल्या आठवड्यात जे वाटतं आणि सहा महिन्यांनी जे वाटतं त्यात इतका फरक असतो की तेव्हाच लिहिलं असतं तर मी सरळ एक स्टार दिला असता आणि तो अगदी चुकीचा ठरला असता. वस्तू म्हणजे २६ सेंटीमीटरचा बिडाचा फ्राय पॅन, दांडा आणि पॅन एकसंध ओतलेला, समोर धरायला छोटासा कान, दोन्ही बाजूंना रस्सा किंवा तेल ओतायला चोच, घरच्या काट्यावर वजन भरलं २ किलो ४०० ग्रॅम. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं 'प्री-सीझन्ड, लगेच वापरायला तयार', प्री-सीझन्ड म्हणजे तेलाचा थर कारखान्यातच भाजून बसवलेला. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण मी जे सांगणार आहे ते वाळूच्या साच्यात ओतलेल्या जवळजवळ कुठल्याही पॅनला लागू होतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. हा पॅन तुम्हाला अर्धाच मिळतो, उरलेला अर्धा घरी बनवायचा असतो. ज्यांना हे खोक्यावर कुणी सांगत नाही ते लोक दोन महिन्यांत पॅन माळ्यावर टाकतात, आणि ज्यांना कळतं ते पुढची पन्नास वर्षं वापरतात.

घेतला कशासाठी तर आमचा तिसरा नॉनस्टिक पॅन मधोमध सोलला होता. नॉनस्टिकचं कोटिंग म्हणजे टेफ्लॉन, १९३८ मध्ये रॉय प्लंकेट नावाच्या केमिस्टला दुसरंच काहीतरी करताना अपघाताने सापडलेला पदार्थ, त्याला साधारण २६० अंशांच्या वर तापवायचं नाही असं सांगतात कारण त्यापुढे तो खराब व्हायला लागतो आणि रिकामा पॅन मोठ्या गॅसवर राहिला तर तिथवर पोचायला काही मिनिटंच लागतात. आमच्या घरी चार जणं स्वयंपाक करतात, त्यात एक अकरा वर्षांची मुलगी, कोण कधी गॅस मोठा करेल आणि कोण स्टीलचं उलथनं घालेल याचा नेम नाही. तेव्हा म्हटलं असं काहीतरी घेऊ की ज्याला आमच्या हातून काही होणार नाही.

पहिल्या दिवशी अंडं फोडलं आणि ते असं चिकटलं की खरवडून काढताना अर्धं अंडं आणि थोडा काळा रंग एकत्रच निघाला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जास्त तेल घालून पाहिलं, अंडं तेलात पोहलं आणि तरी खालून चिकटलं. मी कस्टमर केअरला फोन केला तर समोरच्याने माहितीपत्रकातलंच वाक्य वाचून दाखवलं, 'वापरत राहा मॅडम, सुधारेल'. कसं वापरायचं, किती तापवायचं, तेल किती, काही नाही. माहितीपत्रकात पण 'हलकेसे तेल लावावे' एवढंच. हलकेसे म्हणजे किती? दोन स्टार मी निव्वळ ह्या माहितीपत्रकाचे कापले असते.

मग आईला व्हिडिओ कॉल केला. ती बघत होती मी काय करतेय ते, मी पॅन ठेवला, गॅस मोठा केला, अर्ध्या मिनिटात तेल, की लगेच अंडं. ती म्हणाली, "अगं तापू तरी दे त्याला, जाड भांडं आहे ते." एवढंच. आणि खरंच, नव्वद टक्के गोष्ट तिथेच होती. बारीक ते मध्यम गॅसवर सहा-सात मिनिटं, मग तेल, तेल पातळ होऊन पॅन हलवल्यावर पाण्यासारखं पळायला लागलं की मग अंडं. त्या दिवशी अंडं कडेने सुटलं. मध्ये थोडं धरलं, पण सुटलं.

इथे एक गैरसमज मला मनापासून दूर करायचाय कारण मी पण तो घेऊनच बसले होते. सगळे सांगतात बीड उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं. नाही पसरवत. बिडातून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने चार-पाच पट हळू सरकते. बीड काय करतं तर आत आलेली उष्णता धरून ठेवतं, कारण भांडं जाड आणि जड असतं. हे दोन्ही वेगळे गुण आहेत आणि ते एकत्र केले की सगळा घोळ होतो. हे मला लेकीने दाखवून दिलं. कुठेतरी बघून ती म्हणाली आई आपण पीठ टाकून बघू, आणि कोरड्या पॅनमध्ये चाळणीने कणकेचा पातळ थर भुरभुरला, एकसारखा, पांढरा. गॅस मध्यम. दोन मिनिटं काहीच नाही, मग बर्नरच्या आकाराचं एक कडं तांबूस व्हायला लागलं, अगदी बांगडीसारखं, मधे पांढरं आणि बाहेर कडेला पांढरं. ते कडं तपकिरी झालं, मग काळपट, करपल्याचा वास आला, आणि तरी कडेचं पीठ अजून पांढरंच. आम्ही दोघी बघत राहिलो. त्या दिवसापासून मी पॅन तापवताना दर दीड-दोन मिनिटांनी पाव फेरी फिरवते आणि छोट्या बर्नरवर कधीच ठेवत नाही. ओव्हन असेल तर दहा मिनिटं ओव्हनमध्ये तापवून मग गॅसवर आणला तर अजून उत्तम, सगळीकडून सारखा गरम मिळतो. हा प्रयोग कुणीही करून बघा, चमचाभर पीठ जाईल पण आपल्या शेगडीचा आणि पॅनचा नकाशाच मिळतो हातात.

पाण्याच्या थेंबाची परीक्षा पण बरेच जण सांगतात, की थेंब नाचत नाचत पळाला की पॅन तयार. थेंब नाचतो कारण त्याच्या खाली वाफेची गादी तयार होते, १७५६ मध्ये लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने ते लिहून ठेवलं म्हणून त्याचंच नाव आहे त्याला. पण हे होतं साधारण १९० ते २०० अंशांना, आणि एवढ्या गरम बिडात अंडं टाकलं तर ते चिकटणार नाही कदाचित पण खालून चामड्यासारखं होईल. माझा अनुभव असा की अंड्यासाठी थेंब चर्र करून लगेच आटला पाहिजे, नाचायला लागला तर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं. नाचणारा थेंब मांसाचे तुकडे किंवा मश्रूम लाल करायचे असतील तेव्हा हवा.

आता पृष्ठभागाबद्दल. नवीन पॅनवरून बोट फिरवलं तर बारीक खरखर लागते, नख फिरवलं तर खर्र आवाज येतो. हे वाळूचे ठसे आहेत. वाळूच्या साच्यात पातळ लोखंडी भांडी ओतायचं पेटंट इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ मध्ये घेतलं आणि मूळ पद्धत आजही तीच आहे, फरक एवढाच की जुन्या काळातले बरेच चांगले पॅन ओतल्यावर आतून घासून गुळगुळीत करायचे आणि आता खर्च वाचवायला बहुतेक कंपन्या ती पायरी गाळतात. ती गाळलेली पायरी घरी करायची का, हा खरा प्रश्न.

मी केली. बाबा तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते आणि त्यांना असं काही काम मिळालं की ते दहा वर्षांनी तरुण होतात. ६० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बसलो, दोघांना मास्क, कारण ती धूळ फार बारीक असते आणि नाकात गेली की दिवसभर तोंडाला लोखंडाची चव येते. बाबा म्हणाले, "जोर लावू नकोस, कागदाला काम करू दे, आणि मधेच जास्त घासलास तर खळगा पडेल." पहिला अर्धा तास फक्त कंपनीचा काळा थर निघत होता, कागद बुजत होता. मग खालून करडं बीड दिसायला लागलं, आधी टेकड्यांसारखे चमकणारे ठिपके आणि त्यांच्या मधे काळे खड्डे, मग ठिपके मोठे होत होत एकमेकांना जोडले गेले. दोन दुपारी मिळून साडेतीन तास लागले हाताने. लोखंडाचा भुगा गोळा करायला बाबांनी लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि जमिनीवरून फिरवलं, सगळा भुगा केसाळ होऊन पिशवीला चिकटला, मग पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढलं की भुगा आत राहिला. ही युक्ती मी आता सगळीकडे वापरते.

घासून झाल्यावर धुतला आणि पुसायला कपडा आणेपर्यंत त्यावर केशरी झाक आली होती! उघडं बीड इतक्या पटकन गंजतं. म्हणून धुवायच्या आधीच ओव्हन चालू, तेल-कपडा हाताशी आणि धुतल्या धुतल्या थेट गॅसवर ठेवून खडखडीत वाळवणं, हा क्रम पक्का ठेवा.

मग घासणं गरजेचं आहे का? खरं सांगायचं तर नाही. सहा-आठ महिने नीट वापरलं तर तेलाचे थर खड्डे भरत आणतात आणि पॅन आपोआप बराच मऊ होतो. घासल्याने उलथनं छान सरकतं आणि तो वेळ वाचतो, पण २२० पर्यंत जाऊन मी चूक केली, फार गुळगुळीत झाल्यावर सुरुवातीचे दोन थर धरलेच नाहीत, पापुद्रे निघाले. पुढच्या वेळी मी १२० वर थांबेन. आणि हो, घासलात की वॉरंटी गेली असं समजा.

सीझनिंग म्हणजे काय ते नीट समजलं की अर्ध्या चुका टळतात. तो तेलाचा तवंग नसतो. तेल अगदी पातळ लावून खूप तापवलं की हवेतल्या ऑक्सिजनबरोबर त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक, कोरडा थर बनतो, बोट लावलं तर तेलकट लागत नाही. लागत असेल किंवा चिकट लागत असेल तर तेल जास्त झालंय. माझा पहिला थर असाच झाला, वर्तमानपत्र टेकवलं तर चिकटून फाटलं. हलकेसे म्हणजे किती याचं उत्तर मला शेवटी अनुभवाने मिळालं: अर्धा चमचा तेल पूर्ण पॅनला, आत-बाहेर आणि दांड्याला चोळायचं, आणि मग नवीन कोरडा सुती कपडा घेऊन ते सगळं पुसून टाकायचं, आपण तेल चुकून लावलं होतं आणि आता ते पुसायचंय अशा पद्धतीने. पॅन जवळजवळ कोरडा दिसला पाहिजे. मग ओव्हनमध्ये उपडा, खाली फॉइल, २३० अंशांच्या आसपास एक तास, ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचा. असे तीन थर. धूर होतो, खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा, घरात पक्षी पाळला असेल तर त्याला आधी लांबच्या खोलीत न्या. ओव्हन नसेल तर गॅसवर पण होतं, फक्त पॅन सारखा फिरवत राहावा लागतो आणि कडा राहून जातात, मग त्या रोजच्या वापरात हळूहळू भरतात.

तेल कुठलं यावर लोक भांडतात. मी आधी जवसाचं तेल वापरलं कारण ते सगळ्यात कडक थर देतं असं वाचलं होतं. बाबांना ते पटकन पटलं कारण लाकडाला लावायचं अळशीचं तेल तेच, ते वाळून कडक होतं हे त्यांना आयुष्यभर माहीत. दिसायला पॅन सुंदर झाला, काळा चकाकणारा, आणि तिसऱ्या आठवड्यात माश्यासोबत थराचे खवले निघाले. कडक आहे पण ठिसूळ आहे. त्यानंतर साधं रिफाइंड सूर्यफूल तेल वापरलं, ते आजपर्यंत टिकलंय. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठी 'बॉइल्ड' लिहिलेलं अळशीचं तेल मिळतं त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंची रसायनं घातलेली असतात, ते चुकूनही खायच्या भांड्याला लावू नका. बाबा तोच डबा घेऊन आले होते, म्हणून सांगतेय.

रोजच्या स्वयंपाकात कसा आहे? कांदा परतायला मला ह्याच्याइतकं चांगलं भांडं सापडलेलं नाही. गॅस बारीक, झाकण अर्धं, अर्ध्या तासाने कांदा मधासारखा होतो आणि कुठेही काळा ठिपका नाही. बटाट्याच्या काचऱ्या एका बाजूने पूर्ण सोनेरी झाल्याशिवाय सुटत नाहीत आणि सोनेरी झाल्या की स्वतःच सुटतात, तोवर उलथन्याने खुपसत बसायचं नाही, हे लेक माझ्या आधी शिकली. ओव्हनमध्ये ब्रेड तर असा होतो की खालचं कवच कटकट वाजतं, कारण पीठ गरम बिडावर पडल्या पडल्या भाजायला लागतं. मोठ्या आचेवर फ्रिजमधल्या भाज्या टाकल्या तरी पॅन एकदम गार पडत नाही, म्हणून भाजी परतली जाते, उकडली जात नाही. मासा छान होतो, फक्त वास रेंगाळतो, त्याला उपाय म्हणजे धुऊन दहा मिनिटं रिकामा तापवणं.

काय जमत नाही तेही सांगते. टोमॅटोचा रस्सा तासभर शिजवलात तर आंबटाने थर विरघळतो आणि रश्श्याला लोखंडी, तुरट चव येते. शेवटी शेवटी टोमॅटो घालून पाच-दहा मिनिटं चालतं, लिंबू पिळायचं तर ताटात पिळा. दूध, खीर असलं काही मी करत नाही. झटपट आच कमी-जास्त करायची असेल तर हा पॅन ऐकत नाही, गॅस बंद केला तरी पाच मिनिटं तो आपला शिजवतच राहतो, म्हणून अंडी थोडी ओली असतानाच बाहेर काढायला लागतात. इंडक्शनवर चालतो, पण हळूहळू वाढवत न्या, एकदम फुल पॉवरवर फक्त मधला भाग तापतो आणि पॅन वाकडा व्हायची किंवा तडकायची भीती असते. काचेची शेगडी असेल तर पॅन उचलून ठेवायचा, सरकवायचा नाही. आणि गरम पॅनवर नळाचं गार पाणी कधीच नाही. बिडात कार्बन २ ते ४ टक्के असतो, त्यामुळे ते कडक पण ठिसूळ असतं, स्टीलसारखं वाकत नाही, फुटतं. जमिनीवर पडलं तरी तेच.

लोखंड अन्नात उतरतं का, हो, थोडं उतरतं, आंबट आणि जास्त वेळ शिजणाऱ्या पदार्थांत जास्त. बऱ्याच लोकांसाठी ते चांगलंच, पण ज्यांच्या शरीरात लोह साठून राहण्याचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावं. ॲनिमियावर औषध म्हणून मात्र ह्याच्या भरवशावर राहू नका.

धुण्याबद्दल भीती घालून ठेवलीये सगळ्यांनी, साबण लावायचाच नाही म्हणे. पूर्वीच्या साबणांत कडक क्षार राहायचे, ते थर खायचे, म्हणून ती म्हण झाली. आताच्या भांड्याच्या लिक्विडने कडक झालेल्या थराला काही होत नाही. मी रोज दोन थेंब लिक्विड, मऊ घासणी, चिकटलेलं असेल तर जाडं मीठ, लगेच पुसून गॅसवर मिनिटभर, मग तेलाचा हात आणि परत पुसणं, एकूण तीन मिनिटं. जे खरंच चालत नाही ते म्हणजे भिजत ठेवणं आणि डिशवॉशर.

आणि ते आमच्याकडे झालंच. आम्ही दोन दिवस बाहेरगावी होतो, घरी थांबलेल्या पाहुण्यांनी प्रेमाने सगळी भांडी घासली आणि हा पॅन 'मऊ पडू दे' म्हणून सिंकमध्ये पाण्यात बुडवून ठेवला. आम्ही आलो तेव्हा आत विटकरी रंगाचं पाणी आणि तळाला गंजाची चादर. मी अक्षरशः रडवेली झाले होते, दीड वर्षाचे थर होते ते. लेक म्हणाली, "आई, आपण परत करू ना." आणि केलं. अर्धं पांढरं व्हिनेगर अर्धं पाणी, त्यात पॅन बुडवला, घड्याळ लावलं तीस मिनिटांचं. बारीक बुडबुडे येत होते कडेने. वेळ महत्त्वाची, कारण व्हिनेगर गंज संपला की खालचं बीड खायला लागतं, रात्रभर ठेवलेले पॅन खड्डेदार होऊन निघतात. अर्ध्या तासाने काढून तारेच्या घासणीने घासला, काळी राड निघाली, परत वीस मिनिटं, परत घासला. मग खळखळून धुऊन थोड्या खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढला, गॅसवर वाळवला, तेल लावलं, पुसलं, ओव्हन. ह्या वेळी तेल लावून पुसायचं काम लेकीने केलं आणि माझ्यापेक्षा पातळ लावलं. एका रविवारी पॅन परत उभा राहिला. दुसरं कुठलं भांडं असतं तर फेकलं असतं. मला हा पॅन आवडतो तो ह्या एका गोष्टीसाठी, ह्याचं काहीही बिघडलं तरी आपल्या हाताने दुरुस्त करता येतं, फक्त तडकला नाही पाहिजे.

कुणाला जुना, गंजलेला पॅन मिळाला असेल तर दोन सूचना. एक म्हणजे पूर्वी काही लोक असल्या भांड्यात शिसं वितळवायचे, मासेमारीची वजनं वगैरे ओतायला, म्हणून कुठून आलाय ते माहीत नसेल तर शिसं तपासायच्या किटने आधी बघा. दुसरं, गंज काढायला विजेवर चालणारी पद्धत बऱ्याच जणांना भुरळ घालते, बॅटरी चार्जर, पाणी आणि धुण्याचा सोडा. ती करायचीच तर चार्जरच्या दुसऱ्या तारेला, पॅनच्या जोडीला, साधं लोखंड लावा, स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि ते घराबाहेर मोकळ्या हवेत करायचं काम आहे कारण हायड्रोजन निघतो. मला स्वतःला व्हिनेगर पुरे वाटतं.

दांडा भयंकर तापतो. पहिल्या महिन्यात घरातल्या प्रत्येकाला एकदा तरी चटका बसला. सोबत कव्हर येत नाही, मग मी जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा कापून, आत सुती टॉवेलचे दोन पदर घालून शिवलं, एक बाजू बंद. नायलॉन किंवा पॉलिस्टर आत घालू नका, वितळतं. आणि कव्हर ओलं असताना पकडू नका, ओल्या कापडातून उष्णता झटकन हातात येते, चटका कोरड्यापेक्षा जोरात बसतो. ओव्हनमधून काढल्यावर कव्हर दांड्यावरच ठेवायची सवय लावली, म्हणजे दिसतं की हा गरम आहे.

भिंतीवर टांगायचा असेल तर साधा खिळा पुरत नाही. आम्ही विटेच्या भिंतीत ८ मिलिमीटरचं भोक, प्लग आणि जाड हूकचा स्क्रू असं केलं, आधी तेवढ्याच वजनाची पाण्याची बाटली रात्रभर टांगून बघितली. पोकळ भिंतीत हे करू नका, आतली लाकडी पट्टी शोधून तिच्यात स्क्रू मारा, नाहीतर खालच्या कपाटातच ठेवा.

वजनाचा मुद्दा मला हलका करून सांगायचा नाहीये. आईच्या मनगटाला ह्याचं वजन पेलत नाही. ती दोन्ही हातांनी उचलते, आणि भरलेला असेल तर उचलतच नाही, मला हाक मारते. ज्यांना संधिवात आहे, हातात जोर कमी आहे, किंवा एकट्याने स्वयंपाक करतात आणि गरम भांडं उचलून ओतावं लागतं, त्यांनी २६ सेंटीमीटरचा घेऊ नये असं मला स्पष्ट वाटतं. २० सेंटीमीटरचा घ्या नाहीतर कार्बन स्टीलचा बघा, त्याला पण असंच सीझनिंग लागतं आणि पत्रा पातळ असल्यामुळे तो बराच हलका असतो. झाकणही सोबत नाही, दुसऱ्या पातेल्याचं २६ चं झाकण चालतं पण चोचींतून वाफ निघते, भात वगैरे झाकून शिजवायला हा नको.

पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार त्या माहितीपत्रकाचा आणि 'लगेच वापरायला तयार' ह्या शब्दांचा.

आईसाठी छोटा २० चा मागवला, तो काल आला, १ किलो ४०० ग्रॅम. तो मी घासलेला नाही, खरखरीतच ठेवलाय, बघायचंय की नुसत्या वापराने किती महिन्यांत गुळगुळीत होतो. पहिला थर लेकीने लावलाय आणि आत्ता तो ओव्हनमध्ये आहे, अजून वीस मिनिटं आहेत बंद करायला.